कालबाह्य बूट-पर्यायांची नोंद

लिनक्स कर्नलला प्रारंभी देता येणाऱ्या बूट-पर्यायांची सूची त्याच्या दस्तऐवजात दिलेली असते. पर्यायामागील यंत्रणा लुप्त झाली, तरी तिची नोंद आपोआप नाहीशी होत नाही. ‘एलेव्हेटर’ हा पर्याय सर्व डिस्कांकरिता एकच आय-ओ शेड्यूलर ठरवीत असे. २०१९ साली ५.० या आवृत्तीतून जुना ब्लॉक-स्तर वगळण्यात आला व हा पर्याय निष्प्रभ झाला. अपरिचित पर्याय मिळाल्यास कर्नल थांबत नाही. तो पर्याय इनिट या पहिल्या प्रक्रियेकडे सोपविला जातो. यंत्र सुरळीत चालू होते, आणि आपली आज्ञा पाळली गेली असा प्रशासकाचा समज होतो. ‘एलेव्हेटर’च्या बाबतीत पुढे कर्नलमध्येच इशारा घालावा लागला. यास्तव, ज्या बदलाने पर्याय निरर्थक होतो, त्याच बदलात त्याची नोंदही काढून टाकणे श्रेयस्कर होय.