जुन्या तारा आणि नवें धूरसूचक यंत्र

अमेरिकेंतील अनेक घरांच्या छतांना वाटीएवढें एक पांढरें यंत्र लावलेलें असतें. घरांतील माणसें झोंपीं गेलीं म्हणजे तें एकटेंच जागें राहतें आणि आंत धूर शिरतांच कर्कश ओरडून निजलेल्यांना उठवितें.

परंतु या पहारेकऱ्याचें आयुष्य मर्यादित आहे. त्याच्या आंत धूळ सांचते, भाग झिजतात. म्हणून निर्मितीच्या तारखेपासून 10 वर्षें होतांच यंत्र बदलावें, असें तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था सांगते. ही तारीख यंत्राच्या पाठीवर छापलेली असते. मग छतांतील जुन्या ताराही उपटून काढावयाच्या कीं काय, असा प्रश्न गृहस्थास पडतो. तारा सुस्थितींत असल्यास त्या बहुधा तशाच ठेवतां येतात. मात्र त्यांपैकीं एका तारेचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे.

छतांतील पेटींत मुख्यतः तीन तारा असतात. काळी तार 120 व्होल्टची वीज आणते, पांढरी तिला परतीची वाट देते. तिसरी, बहुधा तांबडी, यंत्रांना वीज पुरवीत नाहीं. ती त्यांचा निरोप वाहते. तळघरांतील यंत्रास धूर लागला कीं तें या तारेवर संकेत सोडतें आणि वरच्या मजल्यावरील यंत्रेंही एकदम ओरडूं लागतात. बंद दारामागें निजलेल्या मुलास तळघरांतील आवाज ऐकूं येईलच असें नाहीं. त्याचा जीव या तिसऱ्या तारेवर अवलंबून असतो.

नेमकी येथेंच चूक होते. वीज सर्व यंत्रांना एकच चालते, पण संकेताची भाषा कारखान्यागणिक निराळी असूं शकते. दोन बनावटींचीं यंत्रें एकाच तारेवर जोडलीं, तर प्रत्येकाचा हिरवा दिवा लागेल. पण आग लागल्यावर एकाची हांक दुसऱ्यास कळणार नाहीं, किंवा आग नसतांनाच सगळीं ओरडतील. म्हणून सर्व यंत्रें एकदम बदलावीं, किंवा निर्मात्यानें एकमेकांशीं जुळतात असें स्पष्ट लिहिलेलींच एकत्र जोडावीं. जुनी जोडखुंटी नव्या यंत्रांत बसली तरी ती वापरूं नये; नव्या यंत्राबरोबर आलेली, किंवा त्याच निर्मात्यानें त्यासाठीं दिलेली, खुंटी लावावी.

कामास हात घालण्यापूर्वीं सर्किट ब्रेकर बंद करून टेस्टरनें वीज गेल्याची खात्री करावी. तारेचें आवरण तडकलेलें वा करपलेलें दिसल्यास जाणत्या वायरमनास बोलवावें. पेटींत निरोपाची तारच नसेल, तरी छत फोडण्याचें कारण नाहीं. वीज तारेंतून घेऊन निरोप बिनतारी पाठविणारीं यंत्रें मिळतात. मात्र चोरीच्या सूचना देणाऱ्या यंत्रणेच्या कमी दाबाच्या तारांना हीं 120 व्होल्टचीं यंत्रें कधींही जोडूं नयेत.

सर्व जोडून झालें म्हणजे शेवटची परीक्षा घ्यावी. एकानें तळघरांतील यंत्राची कळ दाबावी. दुसऱ्यानें सर्वांत दूरच्या शयनगृहांत दार लावून उभें राहावें. तेथील यंत्र ओरडलें, तरच जुनी तार कामास आली असें समजावें. हिरवा दिवा केवळ वीज आल्याचें सांगतो; निरोप पोंचल्याचें नाहीं.