केशसंभारावर सत्ता कुणाची?

मुलगी पाहायला आलेल्या वडीलधाऱ्या बाईने "पोरी, जरा वेणी सोड पाहू" असे म्हणावे आणि मुलीने पाठमोरे उभे राहून सर्वांसमक्ष केस मोकळे करावेत, ही रीत आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडील घरांतून नाहीशी होऊन फार काळ लोटलेला नाही. केस स्वतःचे आहेत की गंगावन लावले आहे, ते कमरेपर्यंत पोहोचतात की नाही, याची खात्री पटल्यावाचून बोलणी पुढे सरकत नसत. वर्ण, नाक, उंची यांची पारख बसल्या जागी होई. केसांची मात्र मुलीला उठवून, वळवून. आपल्या विठ्ठलाचा काळा रंग आपण डोळे भरून पाहतो, कृष्णाचे कुरळे कुंतल कौतुकाने वर्णितो. सून शोधताना मात्र गोरी आणि सरळ केसांची शोधतो. ही विसंगती आपल्या अंगवळणी पडली आहे.

ज्या केसांवर लग्न ठरे, तेच केस नवरा वारल्यावर वस्तऱ्याखाली जात. विधवेने वेणी घातली तर परलोकी पतीला बंधन होते, असे शास्त्र तिला ऐकवले जाई. केशवपनाची ही चाल मुख्यत्वे ब्राह्मण व तत्सम उच्चवर्णीय कुटुंबांतली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारका'तून तिच्यावर कठोर टीका केली. पण मला अधिक मोलाची वाटते ती १८९० सालची मुंबईतील घटना. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथील नाभिक बंधूंनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. लेख लिहिणारे पुष्कळ असतात. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याने तो खाली ठेवणे ही गोष्ट निराळी. शिवाय या निर्धाराने पोटावर पाय येत होता तो त्यांच्याच.

आपल्या शेतकरी समाजांत पाटाची मोकळीक होती, केशवपन नव्हते, म्हणून आपण हात झटकतो. परंतु कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे आपल्याकडेही होतेच. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेला या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो मे २०२२ मध्ये, म्हणजे अगदी कालपरवा.

आता जटेचा विषय. आपल्या भागात याविषयी कुजबुज होते, उघड कुणी बोलत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. केस बरेच दिवस धुतले-विंचरले गेले नाहीत की घाम, मळ, तेल आणि धूळ यांनी ते एकमेकांत गुंततात. एकदा फणी शिरेनाशी झाली की गुंता घट्ट होत जातो. कारण एवढेच. आजारपण, बाळंतपण, मनाची उदासी, शेतातल्या कामाच्या धबडग्यात स्वतःकडे पाहायला न मिळालेली फुरसत, यांपैकी कशानेही सुरुवात होऊ शकते. पण घरातील कुणी म्हातारी म्हणते, "देवीचे बोलावणे आले." त्या क्षणापासून ते केस त्या बाईचे राहत नाहीत. तिला फणी वर्ज्य, कात्री तर महापाप. जट कापली तर घरातले माणूस दगावेल ही धास्ती. जटेवर हळद-कुंकू वाहिले जाते. आत उवा होतात, दुर्गंधी सुटते. न्हाल्यावर ओली जट जड होते, मान आखडते, कुशीवर धड निजता येत नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जट आलेल्या कित्येक पोरींना सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहून देवदासी केले गेले. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदे झाले, तरी जटेची भीती उरलीच.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या कामाला हात घातला. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांना जटेतून मोकळे केले आहे. त्यांचा मूळ व्यवसाय सौंदर्यप्रसाधनाचा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. केस कापण्यास वेळ थोडा लागतो. त्याआधी सासू, नवरा, भाऊबंद यांची समजूत घालण्यात आठवडे, कधी महिने जातात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राच्या सीमेपाशी थांबतो. आपला भाग तिच्या अलीकडे. इथे समजूत हेच साधन. जामसांवलीच्या मारुतीपुढे दुखणाईत माणसे श्रद्धेने येतात, त्या श्रद्धेला बोल लावण्याचे मला कारण नाही. तेथील गर्दीत केस मोकळे सोडून घुमणारी बाई पाहिली की मात्र वाटते, चारचौघांत केस मोकळे सोडण्याची मुभा आपण तिला दिली ती केवळ अंगात आल्यावर!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्या मुक्त झालेल्या लोकांतील स्त्रियांची केसांची कहाणी आपल्या कहाणीची उलटी बाजू आहे. १७८६ मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नराने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत असा हुकूम काढला. बायांनी त्या फडक्याचेच रंगीबेरंगी, डौलदार फेटे बांधले. पुढे सरळ केस हीच सभ्यतेची खूण ठरली. आपल्या दाट, कुरळ्या केसांना त्यांनी तापलेल्या फण्या आणि दाहक रसायने लावली, कारण त्यावाचून नोकरी मिळणे कठीण. तेथे स्त्रिया आवडीने, निगुतीने जटा वळतात आणि त्याच जटांपायी कामावरून परत पाठवल्या जातात. आपल्याकडे नको असलेली जट ठेवायची सक्ती, तिकडे हवी असलेली कापायची! केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून असा भेदभाव करण्यास २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने प्रथम कायद्याने बंदी केली; मागाहून इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले.

केस सरळ करण्याचे ते वेड आता आपल्या तालुक्याच्या गावीही पोहोचले आहे. लग्नसराईत मुली हजारो रुपये मोजून केस 'स्ट्रेट' करवून घेतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३,४९७ अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत अशी रसायने वर्षातून चारांहून अधिक वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. एका पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरे. तरी आयांनी एवढे ठाऊक करून घ्यावे.

शाळेत मुलींनी दोन वेण्या व फीत बांधावी, या नियमाचा मी पुरस्कर्ता आहे. त्यामुळे डोके स्वच्छ राहते आणि श्रीमंत-गरीब पोरींत फरक दिसत नाही. पण कुरळ्या केसांच्या मुलीला "झिपरी" म्हणून हिणवले गेले, तर तो तास मी केसांच्याच धड्यासाठी वापरतो. केस जेथून उगवतो ते छिद्र गोल असेल तर केस सरळ येतो, चपटे असेल तर वळण घेतो. रसायनाने आजचा केस सरळ झाला तरी मुळातून नवा येतो तो वळण घेऊनच. फळ्यावर आकृती काढली की मुली एकमेकींचे केस बोटांत धरून पाहू लागतात, आणि वर्गात थोडा वेळ गलका होतो.