निमूचा संगम आणि एक तांबडी नदी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही लडाखला गेलो. बरोबर दोन मुले आणि सत्तरीच्या अम्मी. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हवा इतकी विरळ की चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. म्हणून पहिले दोन दिवस फक्त विश्रांती घेतली. घरातली वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हे दोन दिवस वाचवण्याचा मोह वाचकांनी टाळावा.

तिसऱ्या दिवशी श्रीनगरच्या रस्त्याने निघालो. साधारण ३५ किलोमीटरवर, निमू गावाजवळ, रस्त्यावरूनच खाली संगम दिसतो. तिबेटातून येणारी सिंधू हिरवट-निळी होती, तर दक्षिणेच्या घळीतून येणारी झांस्कर मातकट राखाडी. एकमेकींना मिळाल्यावरही दोन्ही रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहत होते.

“यातली घाण नदी कोणती?” धाकटीने विचारले.

घाण कोणतीच नाही, आम्ही तिला सांगितले. झांस्करला हिमनद्यांचे पाणी मिळते. हिमनदी डोंगरावरून सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळते. ते पीठ उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर वाहत येते. दुपारी ऊन वाढले की बर्फ जास्त वितळते आणि पाणी अधिकच गढूळ होते. हिवाळ्यात वितळणे थांबते, झांस्कर गोठते आणि तिच्या बर्फावरून माणसे चालत जातात. म्हणजे नदीचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो.

खाली काठावर उतरेपर्यंत जोहरची वेळ झाली. प्रवाहाला जबर ओढ होती, म्हणून आम्ही मुलांना मागे थांबवले आणि काठावरून बादलीत पाणी घेतले. ते झांस्करचे निघाले. आम्ही बाटलीतले पाणी पुढे केले, पण अम्मी बादलीपाशीच बसल्या.

“मातीने पाणी नापाक होत नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्या वाशिष्ठीला आषाढात बघितलंय ना? लालभडक. आम्ही त्यातच वुजू करायचो.”

अम्मींचे माहेर चिपळूणकडचे. जांभ्या दगडाच्या मातीत लोह असते, त्यामुळे पावसाळ्यात तिथले पाणी तांबडे होते. हे आम्ही वर्गात शिकवतो. तरीही अम्मींचे बोलणे ऐकून आमची मान खाली गेली, कारण एक जुनी गोष्ट आठवली.

काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलाने निसर्गचित्रात नदी तांबडी रंगवली होती. घर अगदी नदीकाठी, तो रोज पाहत होता तीच नदी त्याने काढली होती. आम्ही लाल शाईने शेरा मारला, ‘नदी निळी रंगव.’ त्याने काही न बोलता कागद परत नेला आणि दुसऱ्या दिवशी निळी नदी आणून दिली. आम्ही त्याला चांगले गुण दिले.

परतताना झांस्करचे पाणी एका बाटलीत भरून घेतले. सकाळपर्यंत तळाशी बोटभर राखाडी गाळ बसला होता. वरचे पाणी मात्र अजून दुधाळच होते, इतके ते पीठ बारीक असते.

शाळा सुरू झाल्यावर त्या मुलाला बोलावले. आता तो नववीत आहे. बाटली दाखवली, चित्राची आठवण दिली आणि चूक आमची होती, असे सांगितले.

तो हसला. म्हणाला, “तेव्हापासून मी निळीच काढतो.”

बाटली आता आमच्या वर्गातल्या कपाटावर ठेवली आहे. यंदा पाचवीच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला आधी नदीवर नेले. रंगपेट्या तिथेच उघडायला सांगितल्या.