लेखनाचा सराव घरच्या घरीं

“आपल्यालाहि चार ओळी बऱ्या लिहितां याव्या,” अशी इच्छा सुशिक्षित घरांतून पुष्कळ ठिकाणीं आढळते. परंतु कागद पुढें ओढतांच बहुतेकांची भाषा बदलते. एरवीं जेवतांना एखादी हकीकत हुबेहूब सांगणारा मनुष्य हातीं लेखणी येतांच सुवर्णकिरणांत न्हालेल्या प्रभातीचें वर्णन करूं लागतो. लेखन सुधारावयाचें, तर पहिला उपाय हा कीं, जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहावें; त्यावरील आपलें मत मागाहून.

लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६८ सालचा. शाळेंत त्या गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पतींनीं, म्हणजे कवि ना. वा. टिळकांनीं, त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविलें. तरीहि १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत निघालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ आजहि आवडीनें वाचलीं जातात. आपले वडील सोंवळ्याचा अतिरेक करीत, एवढेंच सांगून त्या थांबत नाहींत. बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां ते धुऊन घेत, हें सांगतात. धुतलेल्या मिठाचें काय होत असेल हें मनांत येतांच वाचक हंसतो, आणि हंसतां हंसतांच त्या घरांतील बायकांचे हाल त्याच्या ध्यानांत येतात. ‘अतिरेक’ हा शब्द लिहिण्याची गरजच उरत नाहीं.

दुसरा उपाय ऐकण्याचा. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र सुरू केलें, तेव्हां ते सव्वीस वर्षांचे होते. त्याच पत्रांतून त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. ती यमू नांवाच्या मुलीनें स्वतःच सांगितलेली कहाणी आहे. माजघरांतील बोलणें कान देऊन ऐकल्यावांचून एका तरुण पुरुषास असें लिहितां येणें शक्य नाहीं. एकत्र कुटुंबांत हा लाभ आपसूक मिळतो. आजोबांची वाक्यें निराळीं, काकूंचीं निराळीं, शाळकरी पुतण्याचीं त्याहून निराळीं. रोज निजण्यापूर्वीं दिवसभरांत ऐकलेलें एकच वाक्य, बोलणाराच्याच शब्दांत, वहींत टिपून ठेवावें. महिन्यानें तीं तीस वाक्यें वाचावीं, आणि नांव न देतां माणूस ओळखूं येतो कीं नाहीं, हें पाहावें.

तिसरा उपाय, लिहिलेलें घरांत मोठ्यानें वाचून दाखविणें. यांत थोडी फजिती होते, पण तीच उपयोगी पडते. माझी पहिली गोष्ट आमच्या आत्याबाईंवर होती. अकालीं वैधव्य आल्यावर त्या माहेरीं परतल्या आणि आमच्याच घरांत त्यांचा जन्म गेला. मीं त्यांना ‘त्यागमूर्ति’ केलें होतें व पानोपानीं अश्रु ढाळावयास लावलें होतें. दुपारीं तांदूळ निवडतां निवडतां त्यांनीं सारें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “छान लिहिलं आहेस हो. कोण गं ही बिचारी?”

मला लाज वाटली. रात्रीं विशेषणें खोडून पुन्हां लिहावयास बसलें, तेव्हां दोन गोष्टी आठवल्या. पानें मांडतांना आत्याबाई स्वतःचें पान कधींच मोजीत नसत. आणि दर दिवाळीस घरांतील प्रत्येक मुलीच्या हातांत गुपचूप एक रुपया ठेवून म्हणत, “हा तुझा एकटीचा, कोणाला सांगूं नकोस.” एवढेंच लिहिलें. दुसऱ्या दिवशीं तें वाचतांना आत्याबाईंचा तांदळांतील हात थांबला. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, “रुपयाचं तेवढं खोड. तें घरांत कोणाला ठाऊक नाही.”

मीं तें वाक्य खोडलें. घरच्या माणसांविषयीं लिहावयाचें, तर त्यांचा हा अधिकार मानलाच पाहिजे. आज आत्याबाई नाहींत, आणि त्या मुलीहि आतां आज्या झाल्या आहेत. म्हणून तो रुपया येथें प्रथमच लिहीत आहें. आपल्याहि घरांत असें न मोजलेलें एखादें पान असेल. वाचून दाखवावयास तें माणूस समोर आहे, तोंवरच लिहावयास बसावें.