नौशेरा ते राजौरी : एका रस्त्याची हकीकत

शौर्यपदकांसोबत प्रसिद्ध होणारी सन्मानपत्रे वाचण्याचा नाद मला ऐन तारुण्यात लागला आणि सरकारी नोकरी संपली तरी तो काही सुटला नाही. या वाङ्मयाची धाटणी बहुधा ठरलेली असते. शत्रूचा भडिमार चालू आहे, सोबती धारातीर्थी पडत आहेत आणि अशा एका क्षणी कोणी जवान उठून असे काही करून जातो की त्या एका कृतीत त्याचे सारे आयुष्य उजळून निघावे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे सन्मानपत्र प्रथम हाती आले, तेव्हा मात्र मी चकित झालो. कारण परमवीरचक्रासारख्या सर्वोच्च सन्मानाचा हा कागद मला एखाद्या रस्ते-उपविभागाच्या रोजनाम्यासारखा वाटला. अमुक वाजता काम सुरू, अमुक वाजता वळणरस्ता तयार, तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे आडवी, पुढे मोरी उडवलेली. पेठ तालुक्यातल्या रस्त्यांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या ओव्हरसियराला त्या कागदाने वेड लावले नसते तरच नवल.

आमच्या नाशिक जिल्ह्याचा लष्कराशी संबंध म्हणजे तोफखाना. देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत पिढ्या वाढल्या, त्यामुळे फौज म्हटली की आमच्या मुलांना तोफ आठवते. पहार, कुदळ आणि सुरुंगाची वात घेऊन फौजेच्याही पुढे चालणारा सफरमैना कोणाला आठवत नाही. हा पंक्तिप्रपंच मला पूर्वीपासून खुपत आला आहे, हे येथे कबूल केलेले बरे.

राणे कारवारचे. गावाहून काही मैलांवर असलेल्या चेंडिया या खेड्यात 26 जून 1918 रोजी त्यांचा जन्म झाला. मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. वडील पोलीस शिपाई, म्हणून बदल्या आणि बदल्यांबरोबर बदलत्या शाळा. 1930 च्या चळवळीचे वारे या बारा वर्षांच्या मुलाला लागले, तेव्हा सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांनी काळजीपोटी बिऱ्हाड पुन्हा चेंडियाला हलवले. ज्या सरकारविरुद्ध बालपणी मन पेटले, त्याच सरकारच्या फौजेत 10 जुलै 1940 रोजी हा तरुण दाखल झाला. या विसंगतीचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. त्या काळातील हजारो मराठी घरांत एक भाऊ तुरुंगात आणि एक पलटणीत, अशी स्थिती होतीच. बॉम्बे सॅपर्स या पलटणीत शिक्षण घेताना सर्वोत्तम रंगरूट म्हणून त्यांची निवड झाली आणि कमांडंटची मानाची छडी त्यांना मिळाली.

ब्रह्मदेशातील एक प्रसंग तर राण्यांच्या पुढील सर्व कामगिरीची नांदीच म्हणावा असा आहे. सव्वीसावी हिंदी डिव्हिजन आराकानातून माघार घेत असताना राणे आणि त्यांच्याबरोबरच्या दोन तुकड्यांना बुथिडाँग येथे मागे ठेवण्यात आले. सामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती नष्ट करायची आणि मग नौदलाच्या नावांतून निघून यायचे, असा बेत होता. काम झाले, पण नावा काही आल्या नाहीत. समोर नदी, नदीवर जपानी गस्त, आणि वरिष्ठांचा नवा हुकूम येण्याचा संभव नाही. अशा वेळी कागदावरचा बेत कवटाळून बसणारा नायक माणसे गमावतो. राण्यांनी आपल्या जबाबदारीवर, गस्तीचा डोळा चुकवून माणसे नदीपार नेली आणि बावली बाजार येथे डिव्हिजनला गाठले. या कामगिरीबद्दल त्यांना हवालदारी मिळाली, पुढे जमादारी मिळाली, आणि 15 डिसेंबर 1947 रोजी ते कमिशन घेऊन सेकंड लेफ्टनंट झाले. शिपायाच्या पायरीपासून चढत आलेल्या या अधिकाऱ्याचे वय तेव्हा 29 होते, म्हणजे त्या हुद्द्याच्या मानाने प्रौढच.

काश्मीरच्या युद्धाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो येथे उगाळत नाही. ऑक्टोबर 1947 मध्ये टोळीवाले घुसले, विलीनीकरण झाले, 27 तारखेला आपली फौज विमानांनी श्रीनगरला उतरली. डिसेंबरात झांगर गेले, फेब्रुवारीत नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवला आणि 18 मार्च 1948 रोजी ब्रिगेडियर उस्मान यांच्या नेतृत्वाखाली झांगर परत मिळाले. आता राजौरी घ्यायची होती. तेथे हल्लेखोरांच्या तावडीत सापडलेल्या लोकांची स्थिती अशी होती की फौजेला लागणारा प्रत्येक दिवस त्यांच्या जिवावर बेतत होता.

नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा रस्ता डोंगराला विळखे घालीत जातो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली तवीचे पात्र. शत्रूने माघार घेताना या रस्त्याचा कोणताही अवयव धड ठेवला नव्हता. 8 एप्रिलला चौथी डोगरा पलटण बरवालीच्या धारेकडे निघाली आणि तिच्याबरोबर हलके स्टुअर्ट रणगाडे होते. सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी घेऊन राणे रणगाड्यांजवळ सुरुंग काढण्यासाठी सज्ज होते. सकाळी अकराच्या सुमारास, काम सुरू व्हायच्या आतच, उखळी तोफांचे गोळे नेमके त्या जागी पडू लागले. तुकडीतले दोघे ठार झाले आणि पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. सन्मानपत्र पुढे एवढेच म्हणते की त्यांनी तत्काळ तुकडीची पुनर्रचना करून काम सुरू केले. हे वाक्य वाचताना मी नेहमी थांबतो. पुनर्रचना म्हणजे काय? कोणाच्या हातचे काम कोणाला द्यायचे, मेलेल्या सोबत्याचे हत्यार कोणी उचलायचे, जखमींना कोणाबरोबर मागे धाडायचे आणि त्यासाठी किती हात सोडायचे, हा सगळा हिशेब, स्वतःच्या अंगातून रक्त वाहत असताना, मिनिटा-दोन मिनिटांत करायचा. नेतृत्वावरच्या जाडजूड ग्रंथांत मला इतके ठोस काही आढळलेले नाही.

दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची धार हाती आली. शत्रू आसपास होता हे ठाऊक असूनही राणे तुकडी घेऊन पुढे सरकले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणू लागले. मशीनगनचा मारा चालू असता, शत्रूच्या नजरेसमोर, रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा आरंभ. दुपारी तीनला वळण तयार. मग ते सर्वांत पुढच्या चिलखती कॅरियर गाडीत बसले. अर्ध्या मैलावर चिडाची झाडे आडवी. उतरून ती दारूने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले असता एक मोरी उडवलेली आढळली. मोरी दुरुस्त करीत बसण्याऐवजी बाजूने वळण काढले. सव्वासहाला पाच थोराड चिडांचा अडथळा, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे तेथेही भिडले, पण अंधार पडू लागला होता आणि स्तंभाच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून मुक्काम केला.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण सुरुंग काढणे म्हणजे काय याची कल्पना पुष्कळांना नसते. रणगाडा उडवणारा सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, माणूस मारण्यासाठी पेरलेला मात्र पावलाच्या दाबानेच फुटतो. आणि पेरणारा हुशार असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी पेरतो. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या एका अधिकाऱ्याने, कोसात्स्की यांनी, कानाला लावून ऐकायचे शोधकयंत्र सिद्ध केले आणि एल अलामीनला ते वापरले गेले. पण ते यंत्र उभ्याने चालवावे लागते, आणि गोळ्या सुटत असताना उभे राहणारा फार वेळ उभा राहत नाही. मग उरते संगीन. पालथे पडून ती तिरकी, हलक्या हाताने मातीत घालायची. उभी घातली तर टोक थेट सुरुंगाच्या टाळूवर दाबले जाते. काही टणक लागले की बोटांनी माती बाजूला करायची, तो दगड आहे की लोखंड हे पाहायचे, लोखंड असल्यास खाली दुसरा फास लावलेला नाही ना हे चाचपायचे, आणि संशय असला तर दोरी बांधून दुरून ओढायचे. घाटरस्त्याच्या खडीत दर वितीला संगीन अडते. मी स्वतः एका निवृत्त सुभेदाराकडून हे माझ्या अंगणात करवून पाहिले. त्यांनी पुरलेला पत्र्याचा डबा शोधताना माझी जी त्रेधा उडाली ती पाहून घरची मंडळी पोट धरून हसली, आणि तेथे तर गोळी चालवायला कोणी नव्हते.

राण्यांची जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते ती दोरीची. सुरुंगांतून रणगाडे पुढे न्यायचे होते आणि आडोसा नव्हता, म्हणून ते चालत्या रणगाड्याखाली सरपटत राहिले आणि चालकाला बांधलेल्या दोन दोऱ्या ओढून ‘थांब’, ‘चल’ असे इशारे देत गेले, असे सांगतात. सन्मानपत्राच्या मजकुरात ही दोरी नाही; तरी या कथेत राणेच दिसतात. लोखंडाचे ते धूड सैन्याचे शस्त्र खरे, पण त्या घटकेला त्याचा उपयोग छपरासारखा करता येईल, हे रणगाडा केवळ शस्त्र म्हणून पाहणाऱ्याला सुचत नाही.

तथापि माझ्या मते राण्यांचे खरे मोठेपण दोरीत नसून 10 तारखेच्या दुपारी आहे. पहाटे पावणेपाचला त्यांनी ते पाच चीड पुन्हा हाताळायला घेतले आणि साडेसहाला ते दूर झाले. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि ढासळवलेले भराव यांची रांगच. ती साडेदहाला संपली. तेथे रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगस येथे पोहोचले. आता विचार करा, रणगाड्यांना वाट करून देणे हा राण्यांवरचा हुकूम, आणि रणगाडे तर निघून गेले. जखमी, उपाशी, तीन दिवसांच्या जागरणाने शिणलेल्या अधिकाऱ्याने तेथे पाय पसरले असते तर कोणी बोट दाखवले नसते. पण नदीच्या पात्रातून रणगाडा जातो, रसदेची लॉरी जात नाही. आणि पेट्रोल, दारूगोळा, शिधा मागून आला नाही तर पुढे गेलेला रणगाडा लवकरच लोखंडाचा ढिगारा होतो. राणे रस्त्यावरच राहिले आणि विश्रांतीवाचून, अन्नावाचून, रात्री नऊपर्यंत रसदेच्या ताफ्यासाठी तो मोकळा करीत राहिले. 11 तारखेला सकाळी सहाला पुन्हा काम. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि त्यापुढचा रस्ता साफ करण्यासाठी रात्री दहापर्यंत काम. 12 एप्रिलला फौज राजौरीला पोहोचली.

चिंगसचे नाव आले म्हणून सांगतो, तेथे मोगलांची जुनी सराई आहे. 1627 साली काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेत मरण पावला. वारसाचा तंटा पेटू नये म्हणून नूरजहानने बातमी दडवली, शव टिकावे म्हणून आतडी काढून येथे पुरवली आणि बादशहा जिवंत असल्याचा देखावा करीत लाहोर गाठले, अशी आख्यायिका आहे. ज्या वाटेने बादशहाचा ताफा गेला तिच्यावर कारवारच्या पोलीस शिपायाचा मुलगा माती उपसत होता, ही कल्पना मला मोठी मौजेची वाटते.

आमच्या सावळघाटात आषाढात दरड कोसळली की पेठ नाशिकपासून तुटते. नव्या ओव्हरसियरची पारख तेथेच होते. नियमावर बोट ठेवणारा सगळी दरड उपसून मूळ रस्ता जसाच्या तसा करायला जातो आणि गाड्या दोन्ही बाजूंना खोळंबतात. जुना मुकादम आधी बाजूने एक गाडी सुटेल एवढी वाट काढतो. उडवलेली मोरी सोडून वळण काढणाऱ्या राण्यांचा निर्णय मला म्हणूनच चटकन ओळखीचा वाटला. अर्थात आमच्या डोक्यावर पाऊस असतो, मशीनगन नसते.

पदकाविषयीही दोन शब्द हवेत, कारण तेही एका मराठी घरातून आले. परमवीरचक्राचे चित्र काढले ते सावित्रीबाई खानोलकरांनी; जन्माने स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून येथे आलेल्या आणि पुराणांत अनेक शास्त्र्यांहून खोल उतरलेल्या. जनरल हिरालाल अटल यांनी त्यांना हे काम सांगितले. ब्राँझच्या वर्तुळात इंद्राची चार वज्रे आली ती दधीचीच्या अस्थींची आठवण म्हणून. हा सन्मान 26 जानेवारी 1950 रोजी, पण 15 ऑगस्ट 1947 पासून लागू अशा रीतीने स्थापन झाला. काश्मीरच्या त्या युद्धात तो पाचांना मिळाला, तिघांना मरणोत्तर, आणि राणे व करमसिंग यांना जिवंतपणी.

राणे 25 जानेवारी 1968 रोजी मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 11 जुलै 1994 रोजी पुण्यात वारले. 28 वर्षांच्या नोकरीत पाच वेळा लढाईच्या खलित्यांत त्यांचा गौरवाने उल्लेख झाला. त्यांच्या नावे शिपिंग कॉर्पोरेशनचे तेलवाहू जहाज होते, 2023 पासून अंदमानात एक बेट आहे. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. मी गेलो तेव्हा पर्यटक नौकेकडे धावत होते आणि पुतळ्यापाशी सावली शोधणारे दोघेच उभे होते.

पुतळ्यापेक्षा मला नकाशा बरा वाटतो. म्हणून 8 ते 11 एप्रिलच्या वेळा मांडलेला त्या रस्त्याचा एक ढोबळ आराखडा मी काढून ठेवला आहे आणि तालुक्यातल्या शाळांत बोलावले की तो घेऊन जातो. मुलांचा पहिला प्रश्न हटकून दोरीचा असतो. दुसरा, आमच्या मुलांना अधिक जिव्हाळ्याचा : त्या दिवसांत ते जेवले काय? 10 तारखेपुरते उत्तर सन्मानपत्रातच आहे. चिंगसला रणगाडे पोहोचल्यावरही, रात्री नऊपर्यंत, काहीच नाही.