आधी पाठ दाखवा

संपादकांनी खालापूर तालुक्यातल्या साजगावला पाठवलं होतं ते कार्तिक वद्य एकादशीला सुरू होणाऱ्या विठोबाच्या यात्रेवर लिहायला. सुक्या मासळीच्या बाजारात एका ओळखीच्या शेठनी गाठलं आणि जवळच्या आपल्या बंगल्यावर नेलं. दिवाणखान्यात मुंबईहून बोलावलेला एक म्हातारा रफूगार गालिच्यावर ओणवा झाला होता. यात्रा तिथेच मागे पडली.

शेठना जुन्या इराणी गालिच्यांचा नाद. हा गालिचा मुंबईतल्या एका जुन्या घराची आवराआवर झाली तेव्हा घेतलेला. ‘काशानचा, सव्वाशे वर्षांचा’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. रफूगाराने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कोपरा धरून गालिचा उलटा केला. “तोंड सगळ्यांचंच छान असतं, शेठ. आधी पाठ बघायची.”

पाठीवर गाठन् गाठ मोजता येते. इराणी गाठीत लोकर ताण्याच्या दोन धाग्यांपैकी एकालाच पुरता वेढा देते, तुर्की गाठीत दोन्ही धाग्यांना. गंमत म्हणजे तब्रीझ आणि हेरीझ इराणात असूनही तिथले विणकर तुर्की गाठच मारतात. भाव सांगताना व्यापारी चौरस इंचातल्या गाठी ऐकवतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अर्दबीलच्या गालिच्यात त्या सुमारे 340 आहेत. पण जाड्याभरड्या हेरीझवरही जाणकार जीव टाकतात. नुसत्या गाठी मोजून गालिचा घेणं म्हणजे दाणे मोजून भाताची चव ठरवणं.

मग रंग. ओल्या पांढऱ्या फडक्याने रफूगाराने लाल भाग दाबून पुसला. फडकं कोरं राहिलं. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा असे सहजी सुटत नाहीत. काळपट तपकिरी रंगात मात्र लोह असतं आणि ते वर्षानुवर्षं लोकर खातं. म्हणून खऱ्या जुन्या गालिच्यात फुलांच्या काळ्या कडा खोल गेलेल्या लागतात. त्याने माझं बोट त्या कडेवरून फिरवलं. खाच लागली. शेठ खुलले. पण मधल्या पदकाशी येताच रफूगाराने लव फाकवली. झिजून उघड्या पडलेल्या ताण्यावर कुणीतरी लाल शाई फिरवली होती.

“जुना आहे. पण इराणचाच कशावरून? येरवड्याचाही असेल.”

शेठचा चेहरा उतरला, माझं कुतूहल वाढलं. एकोणिसाव्या शतकात येरवड्याच्या तुरुंगात कैदी गालिचे विणत. विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकलाही तिथे झाल्या. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुडने 1880 च्या आपल्या ग्रंथात तुरुंगातल्या या विणकामावर सडकून टीका केली. स्वस्त मजुरीने खरे कारागीर मरतात, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी माझ्या घरात जागा असती तर मी काशानपेक्षा येरवड्याचाच गालिचा अंथरला असता. शेठना हे पटलं नाही. पैसे काशानचे मोजले होते.

रफूही त्यांना कमीपणाचं वाटत होतं. खरं तर ते अर्दबीलच्या गालिच्यालाही चुकलेलं नाही. 1893 मध्ये विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून 2000 पौंडांना घेतलेला तो गालिचा त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या गालिच्यातले तुकडे घालून पुरा केलेला आहे.

खरी चिंता आहे ती इथल्या हवेची. खालापुरात पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं. लोकर तग धरते, आतला सुती ताणा कुजतो. असा गालिचा दुमडला की बारीक कडकड ऐकू येते. मग त्यावर रफूही टिकत नाही, कारण सुई धरायला धागाच उरत नाही. कपाटाखालच्या अंधाऱ्या पट्ट्यात कसर लागलेली होतीच. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत कोंडते. सुती चादरीत गुंडाळा आणि मृग लागायच्या आत मुंबईला हलवा, असं रफूगाराने बजावलं. त्याच्या हाताखाली शिकायला आता कुणी नाही. पुढच्या वर्षी डोळे साथ देतील का, तेही त्याला सांगता येईना.

शेठच्या मुलाला गालिचा अमेरिकेत न्यायचाय. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वय सिद्ध झालं तर गालिचा इथेच राहणार, नाही झालं तर भाव पडणार. तूर्त शेठनी तज्ज्ञाचा दाखला घ्यायचं लांबणीवर टाकलंय.