‘बोलून काय होतंय?’ : परभणीतले समज आणि वस्तुस्थिती

“आमच्या माणसाला काही वेड लागलेलं नाही.” घरात कोणी समुपदेशकाचा विषय काढला की पहिलं वाक्य हेच येतं, गंगाखेड असो की सेलू. प्रत्यक्षात समुपदेशकासमोर बसणारे बहुतेक लोक रोजचा कामधंदा सांभाळणारेच असतात: कर्जाच्या हिशेबात झोप उडालेला शेतकरी, ‘नीट’चा दुसरा प्रयत्न हुकलेला मुलगा, बाळंतपणानंतर विनाकारण रडू येणारी सून. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. लोक काय म्हणतील या भीतीचा त्यात मोठा वाटा आहे.

हा समज निदान ओळखीचा तरी आहे. दुसरा जास्त फसवा, कारण तो धरून माणूस घराबाहेर पडतो आणि भलत्याच खोलीत जाऊन बसतो. “सिव्हिलला समुपदेशन केंद्राची पाटी आहे, तिथं गेलं की झालं.” सरकारी दवाखान्यातली ही पाटी बहुतेकदा एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राची असते. तिथला समुपदेशक एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि नंतर बोलण्यासाठी नेमलेला असतो. किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं, ते वेगळं. नवरा-बायकोच्या तक्रारी पोलिसांच्या महिला कक्षात जातात. तिथल्या बोलण्याचा रोख बहुधा तडजोडीवर असतो. बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी हे सांगणारेही समुपदेशकच म्हणवून घेतात. चारही कामं गरजेची, पण महिनोन्महिने खचलेल्या मनाचं काम यातल्या एकाही दारात पुरतं होत नाही. त्यामुळे केस पेपर काढतानाच खिडकीवर स्पष्ट विचारावं, “मानसोपचार ओपीडी कुठल्या खोलीत आणि कोणत्या वारी?” 1996 साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आखणीत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता अशी पदं आहेत. यातलं आज कोण हजर आहे, हेही त्याच खिडकीवर विचारून घ्यावं. उगाच दुसरी खेप कशाला?

शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारने 2015 साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले सहा असे आत्महत्याग्रस्त 14 जिल्हे त्यात होते, परभणीही होतंच. घरोघर फिरणाऱ्या आशाताईंनी प्रश्न विचारून खचलेली माणसं हेरायची आणि पुढे पाठवायची, अशी ती रचना. पालम-सोनपेठकडच्या माणसाला जिल्ह्याच्या दवाखान्यापेक्षा आशाताई जवळची. मात्र ती वाट दाखवते. उपचाराची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकणं बरं नव्हे.

“चांगला माणूस हवा तर पुणं नाहीतर संभाजीनगर गाठावं.” हे अर्धवट खरं आहे. कानात आवाज येणं, अंगात भलताच जोर चढून दिवसेंदिवस झोप न लागणं, जीव द्यायचे विचार पाठ न सोडणं, अशा वेळी मनोविकारतज्ज्ञच हवा. औषधं समुपदेशक देऊ शकत नाही, आणि मनोविकारतज्ज्ञ परभणीत भेटला काय की नांदेडला, पदवी तीच. मात्र नैराश्यात बोलून करायचं काम मोठ्या पदवीवाचूनही होतं, हे आपल्या शेजारीच सिद्ध झालंय. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्याकडचे 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले; नेहमीच्या उपचारांवर हे प्रमाण 39 टक्के होतं. यात ‘नीट शिकवून’ हे शब्द कळीचे. दोन दिवसांचं शिबिर करून कार्ड छापणारेही गल्लोगल्ली आहेत. म्हणून शिक्षण काय, कुठे झालं, अडलं तर कोणाचा सल्ला घेता, हे सरळ विचारावं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला तर त्यात अपमान होत नाही. रागावलाच, तर तीही माहितीच.

“सांगितलं की गावभर होतंय.” ही भीती खोटी नाही. परभणीत कोणाचा भाचा कुठल्या दवाखान्यात कंपाउंडर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. त्याला अपवाद मोजके, मुख्यतः कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचे. अपवाद कोणते, हे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत आपणहून सांगायला हवं. आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या घरांत पोलिसांची धास्ती असते. याच कायद्याच्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम ठरतं. तरीही ओळखीच्या गल्लीत पाऊल उचलत नसेल तर 14416 हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू, फुकट आणि चोवीस तास. फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग माणूस बोलतो. शेताच्या बांधावरूनही हे जमतं, फक्त रेंज पाहिजे.

भाषेची गोष्ट लोक फार हलकी घेतात. जिंतूरकडच्या तांड्यावरच्या आजीला गोरमाटीत जे सांगता येतं, किंवा घरात दखनी बोलणाऱ्या मुलीला, ते पुस्तकी मराठीत येत नाही. बाईला बाईच समुपदेशक हवी असेल तर तसं मागावं. मागण्यात गैर काही नाही.

उरला शेवटचा समज, “एकदा गेलो, काही फरक पडला नाही. बोलून काय होतंय?” पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती विचारण्यातच जातो. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1979 साली मांडलं होतं की समुपदेशन लागू पडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: काय साधायचं, त्यासाठी दोघांनी काय करायचं, आणि दोघांमधला विश्वास. तीन-चार भेटींनंतर यातलं काहीच जुळत नसेल तर समुपदेशक बदलावा, समुपदेशन सोडू नये. “आपली पद्धत मला मानवत नाहीये, दुसरं कोणी सुचवाल का?” एवढं म्हटलं तरी पुरतं, चांगला समुपदेशक नाव सुचवतो. मात्र पहिल्या दहा मिनिटांत “सासरी जुळवून घ्या” असा उपदेश सुरू झाला, बरं करायची हमी मिळाली, किंवा औषध बंद करून अंगारा लावायला सांगितलं, तर चौथ्या भेटीची वाट कशाला पाहायची? दर्ग्याला किंवा देवळात जायला कोणताही शहाणा समुपदेशक अडवत नाही. पण उपचार तोडायला लावून भोंदू उपाय करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्याची तक्रार थेट पोलीस ठाण्यात करता येते.